वजा अकरा

मनोरच्या शाळेचा जिना चढून मंगलाबाई सावे पहिल्या मजल्यावर आल्या आणि जागीच थांबल्या. कॉरिडॉरच्या टोकाच्या वर्गातून त्यांचाच आवाज येत होता.

आवाज त्यांचाच होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती. खर्जातला, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा. एकोणतीस वर्षं बोईसरच्या शाळेत गणित शिकवून तो तसा झाला होता. पण तो आवाज इंग्रजी बोलत होता, आणि असं इंग्रजी मंगलाबाई जन्मात बोलल्या नव्हत्या. त्यांचं इंग्रजी गणितापुरतं. एक वाक्य पुस्तकातलं म्हणायचं, लगेच तेच मराठीत सांगायचं, आणि मागच्या बाकांवर कंपन्यांमधल्या कामगारांची मुलं असली तर तिसऱ्यांदा हिंदीत. आतला आवाज कुठेही न अडखळता, श्वासही न घेता, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा चालला होता. मध्येच तो "डियर स्टुडंट्स" म्हणाला. मंगलाबाईंनी मुलांना बाळांनो म्हटलं होतं, गधड्यांनो म्हटलं होतं. डियर स्टुडंट्स कधीही म्हटलं नव्हतं.

त्या आल्या होत्या नववीच्या तोंडी परीक्षेला. संस्थेच्या तीन शाळा, बोईसर, पालघर आणि मनोर. तोंडी परीक्षेला दुसऱ्या शाळेचा शिक्षक लागतो म्हणून त्यांना पाठवलं होतं. मनोरला त्या पहिल्यांदाच येत होत्या. पालघरहून एसटी वेळेआधी मिळाली आणि परीक्षेला पाऊण तास बाकी होता. शाळा बघावी म्हणून त्या वर आल्या होत्या.

दारावर सातवी ब अशी पाटी होती. त्या दबकत खिडकीपाशी गेल्या.

आत चाळीसेक मुलं हाताची घडी घालून बसली होती. समोरच्या भिंतीवर फळा नव्हता. फळ्याच्या जागी भला मोठा डिजिटल बोर्ड होता आणि त्या बोर्डवर मंगलाबाई उभ्या होत्या. तपकिरी काठाची मोरपंखी साडी. ती साडी आत्ता केळव्याच्या घरी कपाटात होती. केसांतली पिन नेहमीसारखी डावीकडे कललेली. फक्त ओठ वेगळे हलत होते. त्या इंग्रजी शब्दांच्या मापाने ते उघडत होते, मिटत होते. मंगलाबाईंचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडे गेला.

चित्रीकरण झालं होतं हे त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी संस्थेने डिजिटल धोरण आणलं तेव्हा अध्यक्षांचे चिरंजीव केदार स्वतः स्टाफरूममध्ये येऊन गुळगुळीत कागदाची पुस्तिका वाटून गेले होते. तिन्ही शाळा इंटरनेटने जोडायच्या, आणि प्रत्येक विषयाच्या उत्तम शिक्षकाचे तास जपून ठेवायचे. आजारी पडलेल्या मुलाला ते घरी बसून पाहता यावेत. गणिताला पहिलं नाव सावे टीचरांचं निघालं तेव्हा त्यांना बरंही वाटलं होतं. वर्षभर वर्गाच्या मागच्या भिंतीवर कॅमेरा होता. पहिले चार दिवस त्या अवघडल्या आणि नंतर विसरून गेल्या. बोईसरच्या वर्गांत फळा तसाच राहिला, शिकवणंही तसंच राहिलं. त्यामुळे त्या तासांचं पुढे काय झालं हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही.

बोर्डवरच्या मंगलाबाई आता पाठमोऱ्या झाल्या आणि खडूने गणित लिहू लागल्या. अक्षर त्यांचंच, उजवीकडे उतरत जाणारं. वजा आठ अधिक तीन. मग बरोबरचं चिन्ह. मग त्या पडद्यातल्या हाताने लिहिलं, वजा अकरा. आणि आवाज ठामपणे म्हणाला, "माइनस एट प्लस थ्री इज इक्वल टू माइनस इलेव्हन."

लगेच पुढचं दृश्य आलं. फळा स्वच्छ पुसलेला, त्यावर पुढचं गणित.

 मंगलाबाईंनी खिडकीचा गज धरला.

हे गणित त्या मुद्दाम चुकवायच्या. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं होतं, की बरोबर उत्तर सांगितलं की मुलं ते उतरवून घेतात आणि विसरतात. टीचरची चूक पकडली तर मात्र ती जन्मभर लक्षात ठेवतात. तेव्हापासून प्रत्येक नव्या धड्याला एकदा त्या सरळ चेहऱ्याने चुकीचं उत्तर लिहायच्या, खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या आणि थांबायच्या. वर्ग गप्प व्हायचा. मग कुठेतरी कुजबुज, मग कुणीतरी भीत भीत म्हणायचं, टीचर, चुकलं. मग दुसरा, मग सगळे. का चुकलं, कसं चुकलं, विहिरीच्या आठ पायऱ्या उतरून तीन चढलं तर माणूस कुठे असतो, यावर भांडण लागायचं. त्यांचा खरा तास त्या चुकीनंतर सुरू व्हायचा.

इथे चूक तेवढी ठेवली होती. चुकीनंतरचा तास कुणीतरी कापून टाकला होता.

त्यांनी दार कधी ढकललं ते त्यांना कळलं नाही. दाराशी खुर्चीवर एक विशीतली मुलगी हातात रिमोट घेऊन बसली होती. ती उठून उभी राहिली आणि बोर्डकडे, मग यांच्याकडे, मग पुन्हा बोर्डकडे बघत राहिली. चाळीस मुलांचंही तेच झालं. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने शेजाऱ्याचा दंड धरला. कुणी हसलं नाही.

मंगलाबाईंनी त्या मुलीला बोर्ड थांबवायला सांगितला. पडद्यातल्या मंगलाबाई तोंड अर्धं उघडं टाकून थांबल्या.

मुलीचं नाव चिमी. बारावी झालेली, मनोरजवळच्याच पाड्यावरची. तिचं काम बोर्ड चालू करायचं, नेट गेलं तर ऑफिसला कळवायचं आणि मुलांना शांत ठेवायचं. शिकवायचं नाही, असं तिला लिहून दिलं होतं. जूनपासून या शाळेत गणिताचा शिक्षकच नव्हता. पाचवी ते आठवी, सगळं बोर्डवर. आज जुलैतल्या धड्याची उजळणी होती.

मंगलाबाईंनी विचारलं, हे आत्ताचं गणित कुणाला खटकलं नाही का. मुलं गप्प. त्यांनी पुन्हा मराठीत विचारलं, वजा आठात तीन मिळवले तर किती. चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, वजा अकरा.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी मागे राहिली होती. तिने उत्तर दिलं, पण सगळ्यांचं संपल्यावर. मंगलाबाईंना अशा मुली ओळखू येतात. त्यांनी तिला उभं केलं. प्रियंका दुमाडा. वडील अंकुश, बोईसरजवळ कुंभवलीत खोली करून राहतात, कंपनीत कामाला आहेत आणि रविवारी घरी येतात, असं तिने न विचारताच सांगितलं. बोलताना ती मंगलाबाईंच्या साडीकडे, चपलांकडे बघत होती.

"टीचर, तुमी खऱ्या हायत?" तिने हळूच विचारलं.

मंगलाबाई हो म्हणाल्या आणि तिची वही मागितली. वही नीटनेटकी होती. समासाला लाल रेघ, प्रत्येक गणिताखाली चौकट. त्यांनी पानं मागे उलटली. जुलैच्या पानावर, पेन्सिलने, वजा आठ अधिक तीन बरोबर वजा पाच. पाचावर काट मारली होती आणि शेजारी शाईने अकरा लिहिले होते.

हे कधी बदललंस, त्यांनी विचारलं.

"चाचणीत मी पयल्यांदा वजा पाच लिवलेलं. चूक आली," प्रियंका म्हणाली. "बाबांच्या फोनवर मेसेज गेला, मॅथ्समध्ये वीक हाय म्हणून. बाबा म्हणाले, तू लक्ष देत नाय. मग मी तुमचा धडा चार वेळा बगितला. आता नाय चुकत."

"आता काय लिहितेस?"

"वजा अकरा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती.

मंगलाबाईंनी वही मिटली. ती परत द्यायला हात पुढे होईना. त्यांच्या वर्गात हजारो मुलं चुकली होती, रडली होती, नापासही झाली होती. पण ज्या मुलीला बरोबर येत होतं तिला बसवून चूक पाठ करायला लावणं, हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. आता झालं होतं. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या आवाजात.

चाचणी संगणकावर होते, एवढं त्यांना चिमीकडून कळलं. प्रश्न आणि उत्तरं यंत्रच धड्यावरून काढतं. त्यामुळे धड्यात जे, तेच चाचणीत बरोबर. चिमी खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "माजं गणित दहावीपर्यंत बरं होतं, मॅडम. मलापन आधी वाटलेलं. पन तुमी एवढ्या मोठ्या टीचर. म्हटलं, मीच विसरली असेन."

फळा नव्हता. खडू नव्हता. बोर्डवर लिहायचं तर पासवर्ड लागत होता आणि तो ऑफिसात होता.  मंगलाबाईंनी प्रियंकाचा हात धरला आणि वर्गाला बाहेर यायला सांगितलं.

जिन्याच्या तोंडाशी त्यांनी तिला उभं केलं. ही जागा म्हणजे शून्य, त्या म्हणाल्या. आता आठ पायऱ्या खाली जा. मुलं कठड्यावरून वाकून मोजू लागली. प्रियंका आठव्या पायरीवर थांबली. आता तीन वर ये, त्या म्हणाल्या. ती तीन चढली. आता तू शून्याच्या किती खाली आहेस?

प्रियंकाने वर बघत पायऱ्या मोजल्या. ओठांतल्या ओठांत, दोनदा.

"पाच."

कठड्यावरची मुलं पुन्हा पायऱ्या मोजू लागली.

"म्हंजे माजं पयलंच बरोबर होतं?" तिने खालूनच विचारलं.

मंगलाबाईंनी वर्गात हजारदा हसत हसत कबूल केलं होतं, हो रे, चुकले मी. ते खोटं होतं म्हणून सोपं होतं. आता त्या पाच पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेल्या.

"बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "चुकले ती मी."

तोंडी परीक्षा त्यांनी घेतली. नववीची मुलं काय बोलली हे त्यांना नंतर आठवेना. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. अपूर्णांकांच्या बेरजेला त्या अर्धा आणि एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश लिहायच्या. काटकोन त्रिकोणाच्या धड्याला सर्वांत लांब बाजू भलतीच दाखवायच्या. शेकडेवारीला, सरासरीला, घातांकांना, प्रत्येक धड्याला एक. एकूण बासष्ट तास चित्रित झाले होते. पालघर येईपर्यंत दोन्ही हातांची बोटं कितीदा तरी मोजून झाली होती. एक नव्हे, बासष्ट.

दुसऱ्या दिवशी बोईसरला पहिला तास संपताच त्या केदारच्या काचेच्या खोलीत गेल्या. केदार पस्तिशीचा, पुण्याहून शिकून आलेला, मवाळ बोलणारा. याच शाळेत दहावीपर्यंत होता आणि अजूनही त्यांना बघून खुर्चीवरून उठायचा. चारचौघांत त्या त्याला केदार सर म्हणायच्या.

त्यांनी सगळं सांगितलं. त्याला आधी ते कळलंच नाही. त्याला वाटलं, चित्रीकरणाच्या दिवशी टीचरांची एखादी चूक राहून गेली आणि त्याचं त्यांना वाईट वाटतंय. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की होतं असं, धडे बनवणाऱ्या कंपनीला कळवू. मग त्याने कौतुकाने कंपनीचा अहवाल पडद्यावर उघडला. पस्तीस मिनिटांचा तास चौदा मिनिटांवर आणला होता. मुलांचे आवाज, खोकले, दुबार सांगितलेली वाक्यं, अनुत्पादक शांतता, सगळं यंत्राने ओळखून काढून टाकलं होतं. आवाज आणि चेहरा तसाच ठेवून भाषा बदलली होती. बोईसरला घरी बसलेल्या मुलांसाठी आणि पालघर, मनोरला वर्गातच, असं तीन शाळांत तर ते चालूच होतं. शिवाय या वर्षी बाहेरच्या अकरा शाळांनी ते घेतलं होतं.

"मूळ तास आहे का तुमच्याकडे?" मंगलाबाईंनी विचारलं.

होता. त्याने लावला. दोघं उभ्यानेच बघू लागले. मोरपंखी साडीतल्या मंगलाबाईंनी वजा अकरा लिहिलं, खडू हातात धरला आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. वर्ग गप्प. पडद्यावर कोपऱ्यात सेकंद पळत होते. दहा झाले, पंधरा झाले. एका बाकावर दोन डोकी जवळ आली. सोळाव्या सेकंदाला एक पोरगा अर्धवट उठला आणि म्हणाला, टीचर, चुकलं. मग त्या वर्गात जो गोंगाट झाला तो काचेच्या खोलीत घुमला.

केदारने तो थांबवला नाही. त्याचे कान लाल झाले होते. सातवीत असताना तोही एकदा असाच उठला होता. अपूर्णांकांच्या धड्याला. मंगलाबाईंना ते आठवत होतं आणि त्यालाही आठवलं होतं, हे त्याच्याकडे बघून कळत होतं.

"टीचर, यंत्राला शांतता म्हणजे रिकामी जागा वाटली," तो शेवटी म्हणाला.

"आणि तुला?"

 मंगलाबाईंनी त्याला बासष्टचा आकडा सांगितला तेव्हा तो खाली बसला.

किती मुलं हे बघतात, त्यांनी विचारलं. त्याने बटणं दाबली. पाचवी ते आठवी, चौदा शाळा मिळून सहा हजार चारशे. मंगलाबाईंनी एकोणतीस वर्षांत मिळून एवढी मुलं शिकवली नव्हती. त्यांनी त्याला तो बोर्ड आजच बंद करायला सांगितलं. केदारने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. दोनदा त्याचा आवाज चढला, मग पडला. धडे, चाचण्या आणि पालकांना जाणारे निकाल सगळं एकमेकांना जोडलेलं होतं, म्हणून वर्ष संपेपर्यंत काही काढता येणार नव्हतं. जूनमध्ये नवी आवृत्ती येईल. तोपर्यंत धड्याखाली दुरुस्तीची एक ओळ घालता येईल, इंग्रजीत.

मनोरपुरता तरी बंद कर, त्या म्हणाल्या. त्यावर केदार म्हणाला की मनोरला बंद केला तर मुलांसमोर कुणीच उरत नाही. तीनदा जाहिरात दिली, गणिताचं माणूस तिकडे टिकत नाही. म्हणून तर हे धोरण केलं. तो खोटं बोलत नव्हता, आणि मंगलाबाईंना तेच जास्त लागलं.

मग माझा चेहरा काढा, त्या म्हणाल्या. आवाज काढा. दुसऱ्या कुणाचा लावा.

त्याने ड्रॉवरमधून कागद काढला नाही, पडद्यावरच दाखवला. संमतिपत्र, चार पानांचं, शेवटी त्यांची बोटाने केलेली वेडीवाकडी सही. त्यांना तो दिवस आठवला. सहामाहीचे पेपर तपासत होत्या, शिपायाने टॅब पुढे धरला, टीचर इथे बोट फिरवा, आणि त्यांनी फिरवलं. केदारने तिसऱ्या पानावरच्या ओळी वाचून दाखवल्या. चेहरा, आवाज आणि हस्ताक्षर कायमस्वरूपी वापरण्याचा हक्क. नोकरी संपल्यानंतरही. त्यापुढचे दोन शब्द त्याने वाचले नाहीत. मंगलाबाईंनी चष्मा लावून ते स्वतः वाचले. मृत्यूनंतरही.

 बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं ओरडत मैदानात उतरली. मंगलाबाई निघाल्या तेव्हा केदारने त्यांना दार उघडून दिलं. 

केळव्याला घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान कृष्णकांत वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. तारापूरच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस वाडीतच जायचा. मंगलाबाईंनी ओसरीवर बसून त्यांना सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मी मेल्यावरही मी तिथे चुकीचं शिकवत राहणार, असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. कृष्णकांतांनी घाई केली नाही. हात झटकून ते शेजारी येऊन बसले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, शनिवारी तुझी शाळा नसते ना, आणि मनोरची?

मनोरची असते, मंगलाबाई म्हणाल्या, सकाळची.

"तोंड त्यांच्याकडे राहिलं, तर राहू दे," कृष्णकांत म्हणाले. "पाय तुझेच आहेत. जा की."

त्या रविवारी मंगलाबाईंनी एक शंभर पानी वही घेतली आणि बासष्ट धड्यांमधली बासष्ट चुकीची उत्तरं आठवून आठवून लिहून काढली. प्रत्येकाखाली बरोबर उत्तर आणि ते मुलांकडून कसं काढून घ्यायचं, हे. काही जागी त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना, की ही चूक मी केली होती की नव्हती. मग त्यांनी केदारकडून मूळ तास मागवले आणि ते बघितले. स्वतःला इतका वेळ बघायची त्यांना सवय नव्हती. दर तासात कुठेतरी त्या खडू धरून खिडकीबाहेर बघत उभ्या असायच्या, आणि त्या क्षणी आपला चेहरा इतका खुशीत असतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

वही केदारने कंपनीला पाठवली. बाहेरच्या अकरा शाळांनाही त्याने स्वतःच्या सहीने पत्रं लिहिली. त्यावरून घरी अध्यक्षांनी त्याला फैलावर घेतलं, संस्थेची अब्रू वेशीवर टांगलीस म्हणून, असं शाळेत सगळ्यांना कळलं. चार शाळांची उत्तरं आली. बाकीच्यांनी पोच दिली. पालकांच्या फोनवर एक ओळ गेली, की सातवीच्या चौथ्या धड्यात किरकोळ सुधारणा करण्यात आली आहे. अंकुश दुमाडाने ती वाचली की नाही कुणाला ठाऊक. जुलैत त्याला गेलेला मेसेज मात्र कुणी परत घेतला नाही. मंगलाबाईंनी त्याबद्दल दोनदा विचारलं. तशी सोय नाही, असं उत्तर मिळालं.

शनिवारी मनोरला जाऊन शिकवायची परवानगी त्यांनी अर्ज करून मागितली. संस्थेने ती नाकारली नाही, दिलीही नाही. अर्ज पुढच्या बैठकीत ठेवू, असं तोंडी सांगितलं.

शनिवारी सकाळी मंगलाबाई मनोरच्या फाटकाशी उतरल्या. खांद्यावरच्या पिशवीत खडूची पेटी आणि गुंडाळी करता येणारा काळा फळा होता. फाटकावरचा बन्सी त्यांना ओळखत होता. सगळ्या शाळेनेच त्यांना बोर्डवर बघितलं होतं. पण बाहेरच्या माणसाची नोंद केल्याशिवाय आत सोडायचं नाही असा त्याला हुकूम होता, आणि इथल्या शिक्षकांच्या हजेरीपुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. त्याने अवघडून पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं.

"रागावू नका मॅडम. लिवावं लागतं."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला. नाव, मंगला कृष्णकांत सावे. कुठून, केळवे. पुढचा रकाना होता, कोणाला भेटायचे आहे. तिथे त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी आपल्या उतरत्या अक्षरात लिहिलं, सातवी ब.

बन्सीने ते वाचलं आणि पाहुण्यांचा बिल्ला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गळ्यात घातला, पदराखाली लपवला नाही.

वर पहिला तास सुरू झाला होता. बंद दारामागे त्यांचा आवाज सफाईदार इंग्रजीत सरासरी शिकवत होता. दाराच्या काचेतून चिमीने त्यांना बघितलं आणि रिमोट उचलला. मंगलाबाईंनी हाताने खूण केली, राहू दे. चिमीला बोर्ड बंद केल्याबद्दल उगाच लिहून द्यावं लागलं असतं.

चौदा मिनिटांचा तर तास होता. पिशवी पायाशी ठेवून, भिंतीला पाठ न टेकता, त्या स्वतःचं संपायची वाट बघत बाहेर उभ्या राहिल्या.